वाकीटोल्याची सतरा खापरं

"मॅडम, दालनं सगळी उघडी आहेत. सोमवार सोडून केव्हाही या. मुलांना दाखवा, टिपणं घेऊ द्या, मी सगळ्यांना चहा पाजतो," संग्रहालयाचे लोणारे म्हणाले. "पण मागचं गोदाम नाही."

"का नाही, तेवढंच सांगा."

"तशी पद्धत नाही."

"वाकीटोल्याचा एक ट्रे. एकच. तुम्ही समोर बसा. मोजून द्या, मोजून घ्या."

वाकीटोल्याचं नाव काढलं तसं त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि पेन खिशात ठेवलं. "त्याचं तर नावच काढू नका. उगाच चकरा मारून राहिल्या तुम्ही, मॅडम. उन्हाचे दिवस आहेत."

पाच महिन्यांतली ती माझी सातवी चक्कर होती. या गोष्टीला आता वीसेक वर्षं झाली. तेव्हा मी विदर्भातल्या एका जिल्ह्याच्या गावी कॉलेजात एम.ए.ला पुरातत्त्व शिकवत होते. विभाग म्हणजे एक खोली, एक कपाट आणि भिंतीवर एक नकाशा. मुलं बारा. त्यांना मी मडक्यांचे प्रकार शिकवायचे ते झेरॉक्सवरून. झेरॉक्स झेरॉक्सची काढलेली, त्यामुळं काळी मडकी, तांबडी मडकी, काळी-तांबडी मडकी, सगळी सारखीच काळी दिसत. पोरं परीक्षेत फरक घडाघडा लिहीत आणि शेतात पायाखाली खापर आलं तर ओळखत नसत.

आणि कॉलेजपासून पाऊण किलोमीटरवर सरकारी वस्तुसंग्रहालय होतं. दालनात मांडलेल्या वस्तू दोनशे. मागच्या गोदामात, राखीव संग्रहात, अकरा हजार. पंचवीस वर्षांत तिथं एकही विद्यार्थी गेला नव्हता. मी रोज त्या इमारतीवरून स्कूटर घेऊन जायचे आणि रोज माझं डोकं फिरायचं.

माझ्याकडं खऱ्या वस्तू म्हणजे एवढंच होतं: बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा आणि त्यात कापसावर ठेवलेली सतरा खापरं. माझे गुरू डॉ. केळापुरे यांनी ती मला नोकरी लागली तेव्हा दिली होती. वाकीटोल्याची शिळावर्तुळं, म्हणजे लोहयुगातल्या माणसांनी दफनांभोवती रचलेली दगडांची रिंगणं, सरांनीच अठ्ठ्याहत्तर साली खोदली होती. ती खापरं सरांची, असं मी धरून चालले होते. त्यांवर शाईनं बारीक आकडे घातलेले होते. मी स्वतः त्यांच्यावरच शिकले. एकोणिसाव्या वर्षी सरांनी त्यातलं एक माझ्या तळहातावर ठेवलं नसतं, तर मी कुठंतरी बँकेत असते. पण बारा मुलांना सतरा तुकडे किती पुरणार? मला पूर्ण संच हवा होता.

लोणाऱ्यांच्या दारावर 'अभिरक्षक (प्रभारी)' अशी पाटी होती. मी ती वाचून मनात म्हणायचे, प्रभारी आहे आणि मिजास केवढी! सातव्या चकरेनंतर मी त्यांच्या डोक्यावरून थेट संचालकांना पत्र लिहिलं. पत्रात मी 'कर्मचाऱ्यांची अनास्था' असे शब्द वापरले. महिन्यानं आदेश आला: बारा विद्यार्थी, एक दिवस, तीन तास.

लोणाऱ्यांनी आदेश दोनदा वाचला. "अनास्था," ते म्हणाले. माझं पत्र सोबत जोडूनच आलं होतं. "ठीक आहे. बुधवारी अकराला या. पिशव्या बाहेर ठेवायच्या."

बुधवारी मी जिंकल्यासारखी गेले. गोदामावर सिमेंटचे पत्रे होते, आत डांबराच्या गोळ्यांचा वास आणि भट्टीसारखी धग. पण मांडण्यांवर एक कण धूळ नव्हती. प्रत्येक ट्रेला चिठ्ठी होती, अक्षर एकाच हाताचं. हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. अनास्था असलेल्या माणसाचं गोदाम असं नसतं. पण मी भांडायच्या तयारीनं गेले होते, आणि भांडायला आलेल्या माणसाला असलं काही दिसत नाही.

लोणाऱ्यांनी स्वतः ट्रे आणून टेबलावर ठेवला. मुलं टेबलाभोवती आली. मी प्रत्येकाला नोंदवही करायला सांगितली होती: वस्तूचा क्रमांक, मडक्याचा कुठला भाग, रंग, कुठं सापडली आणि सध्या कुठं आहे. शेवटचा रकाना मी नेहमी आग्रहानं भरून घ्यायचे. ट्रेमध्ये क्रमानं असायला हवी ती वस्तू नसली तरी तिची ओळ घालायची, हे माझंच शिकवणं. "सध्या कुठं आहे ते माहीत नसेल, तर ती वस्तू हरवली असं समजायचं," हे माझं ठरलेलं वाक्य होतं.

बारांत हर्षला मडावी सगळ्यांत सावकाश काम करायची. वडील एस.टी.त मेकॅनिक, मुलगी तशीच, प्रत्येक गोष्ट सुटी करून बघणारी. तासाभरानं ती माझ्याजवळ आली.

"मॅडम, आकडे तुटतात. दोनशे आठनंतर एकदम दोनशे तेरा."

"गहाळ असतील."

"पुढंही तसंच आहे. दोनशे एकतीस ते चाळीस नाहीत." तिनं आवाज खाली आणला. "मॅडम, दोनशे दहा आपल्याकडं आहे ना? काठाखाली दोन रेघा असलेलं? आकडाही असाच, याच शाईचा."

  ट्रेमधल्या खापरांकडं मी पहिल्यांदा नीट पाहिलं. पांढऱ्या रंगाची बारीक पट्टी, त्यावर काळ्या शाईनं 'वाकी ७८', तिरकी रेघ आणि आकडा. सात वर्षं मी तेच अक्षर वर्गात दाखवत होते.

"काय म्हणते ती?" लोणारे टेबलापलीकडून म्हणाले.

"काही नाही," मी म्हणाले. "दुसऱ्या जागेचं आहे ते. तिचा घोटाळा होतोय."

हर्षलानं माझ्याकडं पाहिलं. मग खाली वहीत पाहिलं आणि आपल्या जागी जाऊन बसली.

लोणारे उठले, कपाटातून कापडी बांधणीची एक जुनी नोंदवही घेऊन आले आणि माझ्यासमोर उघडून ठेवली. "आकडे तुटतात म्हणाली ना पोरगी? बरोबर आहे तिचं. एक्केचाळीस नगं नाहीत. एक्क्याऐंशी सालापासून. तुम्ही पाच महिने विचारून राहिल्या ना, का नाही म्हणून? हे बघा."

ओळ अशी होती: 'वाकीटोला, खापरे, एकूण ४१. अध्यापनासाठी. आठ दिवसांकरिता.' पुढं सही. ती सही माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधावर होती, माझ्या शिफारसपत्रावर होती. लांबलचक शेपटाचा 'के'.

"मी तेव्हा लिपिक होतो. गोदामाची चावी माझ्याकडं," लोणारे म्हणाले. "एवढे मोठे प्राध्यापक, उत्खनन त्यांनीच केलेलं. म्हणाले, पोरांना शिकवायला नेतो, पुढच्या बुधवारी आणून देतो. साहेब रजेवर होते. मी दिली. मग पत्रं लिहिली, अकरा पत्रं. एकालाच उत्तर आलं. 'अभ्यास सुरू आहे.' चौकशी माझ्यावर बसली, परवानगी न घेता दिली म्हणून. ती अजून उघडीच आहे. चौकशी मिटल्याशिवाय कायम होता येत नाही, म्हणून नऊ वर्षं प्रभारी." त्यांनी वही बंद केली. "त्यांना ओळखता का तुम्ही?"

"नाव ऐकलंय," मी म्हणाले.

तीन तास संपले. त्यांनी ट्रेमधली खापरं मोजली, मुलांना चहा पाजला.

रविवारी मी घरी नोंदवह्या तपासायला घेतल्या. हर्षलाची वही मुद्दाम शेवटी ठेवली. 'दोनशे दहा. वाडग्याचा काठ, खाली दोन समांतर रेघा. आतून काळा, बाहेरून तांबडा. सध्या कुठं: आमच्या विभागात, मॅडमच्या कपाटात, डब्यात.' अशा सतरा ओळी होत्या. उरलेल्या चोवीस गहाळ क्रमांकांपुढं तिनं 'माहीत नाही' लिहिलं होतं. त्या वह्या पुढच्या आठवड्यात बाहेरच्या परीक्षकांकडं जाणार होत्या.

सोमवारी मी तिला बोलावलं आणि दार लोटून घेतलं. आजही ते आठवलं की मला स्वतःची चीड येते.

"हर्षला, ही दोन पानं पुन्हा लिही."

"काय चुकलं, मॅडम?"

"चुकलं नाही. शेवटचा रकाना जरा... तो रिकामा सोड."

 ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. "रिकामा सोडला तर वस्तू हरवली असं होते ना, मॅडम. अन् ती तर हरवली नाही."

"हे बघ, तुला कळत नाही यात काय काय आहे."

"हाव, मला नाही कळत," ती म्हणाली. तिच्या आवाजात उर्मटपणा अजिबात नव्हता, आणि म्हणूनच तो मला सहन होईना. "तुम्ही सांगा काय लिहू, तसं लिहितो मी. पण तुम्ही सांगा."

 पाच महिने त्या माणसासमोर बसून मी ज्ञान, समाज, विद्यार्थ्यांचा हक्क यांवर किती बोलले होते! आता एका रकान्यात घालायला तीन शब्द मिळेनात. मी तिला वही परत दिली आणि म्हणाले, "राहू दे. जा तू."

त्याच आठवड्यात मी नागपूरला गेले. केळापुरे सर चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. गुडघे गेले होते, आवाज तसाच खणखणीत. मला बघून त्यांना इतका आनंद झाला की पहिला अर्धा तास मला विषयच काढता आला नाही. शेवटी मी पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवला.

"सर, ही संग्रहालयाची आहेत."

"मग? कुणाची असणार!" ते हसले. "तिथं उंदीर लोळत होते त्यांच्यावर. मी आणली नसती तर आज माती झाली असती."

"आठ दिवसांसाठी आणली होती."

"दहा-बारा वर्षं शिकवलं मी त्यांच्यावर. दीडशे पोरं तयार झाली. तू त्यातलीच. त्यांना काय हवं होतं, ट्रेमध्ये पडून राहायला?"

"बाकीची चोवीस कुठं आहेत?"

"काही फुटली. वर्गात हाताळली की फुटणारच. काही मुलांना दिली, जी पुढं शिकवायला लागली त्यांना. जशी तुला."

"सर, तिथल्या लिपिकावर चौकशी बसली. लोणारे म्हणून."

सरांनी आठवून पाहिलं. खरंच मनापासून आठवून पाहिलं. "लोणारे? कोण लोणारे?"

त्यांच्यावर चिडायचं मी ठरवून गेले होते, पण त्या प्रश्नानं मला नुसतं थकवलं. मी म्हणाले, "मी परत करणार आहे. सोबत लेखी द्यावं लागेल, कुठून आली ते."

"दे की. माझं नाव घाल. मी नाही घाबरत." ते खिडकीकडं बघू लागले. "पण एक सांगतो, उद्या ती परत गेली की कुलूप लागेल आणि पुन्हा कुठल्याही पोराच्या हाताला लागणार नाहीत. मी चोर असेन, पण तू मूर्ख ठरशील. आणि मग इथं येऊ नकोस."

पुढं काय झालं ते आधी सांगून टाकते. सरांचं म्हणणं शब्दशः खरं ठरलं. माझं निवेदन गेलं, चौकशी नव्यानं सुरू झाली आणि ती पूर्ण होईपर्यंत राखीव संग्रह सगळ्या महाविद्यालयांसाठी बंद, असा आदेश निघाला. तो आदेश साडेतीन वर्षं टिकला. हर्षलाची तुकडी आणि तिच्यामागच्या तीन तुकड्या झेरॉक्सवरच पास झाल्या. कपाटात आता डबाही नव्हता. सहकारी म्हणाले, कशाला नसती उठाठेव केली? एकानं तर माझ्या तोंडावर सांगितलं की मी गुरूचा गळा कापला. सरांकडं मी दोनदा गेले, दोन्ही वेळा ते झोपलेत असं सांगण्यात आलं. दुसऱ्या वर्षाच्या थंडीत ते गेले. लोणारे त्यानंतर दोन वर्षांनी कायम झाले. हर्षलाला तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी त्या सतरा ओळींबद्दल विचारलं, तेव्हा मी शेजारीच बसले होते. "मॅडमनी ती खापरं परत केली," ती म्हणाली, "आता तो रकाना बदलावा लागंल."

पण डबा परत केला तो दिवस सांगायचा राहिला.

मी लोणाऱ्यांच्या टेबलावर डबा आणि निवेदन ठेवलं. त्यांनी आधी निवेदन वाचलं, मग झाकण उघडलं. सतरा खापरं ओळीनं मांडली, वही आणली, एकेका आकड्यापुढं खूण केली.  मला वाटलं, आता आभार मानतील. काय खुळी होते मी!

"सात वर्षं तुमच्या कपाटात," ते म्हणाले. "इथून पाऊण किलोमीटरवर."

"मला माहीत नव्हतं."

"बुधवारी तर माहीत झालं होतं. मी विचारलं, ओळखता का? तुम्ही म्हणाल्या, नाव ऐकलंय."

"हो."

"पाच महिने तुम्ही इथं बसून मला शिकवून राहिल्या होत्या. अनास्था म्हणाल्या. मी ऐकून घेतलं. मास्तर लोकांचं ऐकायची सवय आहे मला." त्यांनी वही मिटली. "आता हे वर कळवावं लागेल. बंद होईल सगळं. तुमच्या पोरांचं नुकसान होईल."

"माहीत आहे."

"तरी आणली?"

 बाहेर शिपाई झाडांना पाणी घालत होता, पाइपाचा आवाज येत होता. लोणाऱ्यांनी दोनशे दहा उचललं. चिमटीत नाही, पूर्ण मुठीत. 

"हे मी दिलं तेव्हा नुसतं मोजलं होतं," ते म्हणाले. "अकरा हजार नगं आहेत माझ्याकडं. कुठलंही मागा, डोळे मिटून काढून देतो. पण त्याच्यावरून काय समजते, हे मला कोणी कधी सांगितलं नाही." त्यांनी ते माझ्यापुढं केलं. "एवढं काय होतं याच्यात, की त्यांना परत द्यावंसं वाटलं नाही? दाखवा."

मी खुर्ची त्यांच्या बाजूला ओढून घेतली. "आतल्या बाजूनं अंगठा फिरवा. काठाच्या खाली."

"बारीक रेघा लागतात."

"चाकावर फिरताना कुंभाराच्या बोटांनी उमटलेल्या. आता काठाचं वळण बघा." मी निवेदनाच्या प्रतीच्या कोऱ्या पाठीवर एकात एक गोल काढले आणि काठ एकेका गोलावर ठेवून दाखवला. चौथ्या गोलाशी तो नेमका जुळला. "एवढं तोंड होतं वाडग्याचं."

त्यांनी दोन्ही हातांचे पंजे हवेत तेवढ्या अंतरावर धरले. "एवढं?"

"एवढं."

"जेवायचं?"

"बहुतेक. आणि आतून काळं का, सांगा."

"धुरानं?"

"बरोबर. पण बाहेरून का नाही?"

ते खापर वर धरून, उलटं करून, कपाळाला आठ्या घालून बघत राहिले. मी उत्तर सांगितलं नाही. शिपाई चहा घेऊन आला तर त्यांनी त्याला हातानंच थांबवलं.

"उपडं ठेवून भाजलं असंल, धूर आतच कोंडला," ते अखेर म्हणाले.

"हो."

"अरे!" ते म्हणाले, आणि त्यांनी ओळीतलं दुसरं उचललं.

दुपारचे अडीच वाजेपर्यंत आम्ही सतराही पाहिली. मग त्यांनी ती ट्रेमध्ये आपापल्या जागी ठेवली, मला पावती लिहून दिली आणि गोदामाला कुलूप लावायला उठले.